चावीचा दुसरा खटका

लेक गाडीत बसली, चावी फिरवली, आणि गाडीने एकदा ‘टक्’ केलं. बस, तेवढंच.

“बाबा, हिला काय झालं?”

“काय व्हायचंय? परत फिरव.”

तिने परत फिरवली. परत टक्. तिसऱ्या वेळी तेही नाही. समोरचे लाल दिवे मंद झाले आणि विझले. मी पुढे होऊन बॉनेटवर एक थाप मारली. का मारली ते मला विचारू नका. माझा धंदा प्लंबरचा. अडलेल्या पाइपवरही मी आधी अशीच थाप मारतो. गिऱ्हाइकाला वाटतं त्यात काहीतरी शास्त्र आहे.

पिकअप जुनी, डिझेलची. लेक शाळेत होती तेव्हा घेतलेली. मागे पाइप, पुढे आम्ही दोघं. चालवायची बायको. परवाना मलाही आहे, पण तो नुसता आहे. गाडी घेतली त्या पहिल्याच आठवड्यात मी मागे घेताना एका गिऱ्हाइकाच्या दारातला नळ उडवला. आदल्या दिवशी तो मीच बसवला होता. बायकोने खाली उतरून पाण्याचं कारंजं बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चावीसाठी हात पुढे केला. ती चावी मला परत मिळाली नाही.

तेव्हापासून ती गाडी चालवायची आणि मी शेजारच्या सीटवर मांडीवर तोट्यांची पिशवी घेऊन बसायचो. दारात गाडी थांबली की लोक आधी तिलाच नमस्कार करायचे. एका घरी तर बाईंनी विचारलं, “प्लंबर तुम्हीच ना? आणि हे?” बायको म्हणाली, “हे नवीन आहेत. शिकतायत.” त्या घरी मी दिवसभर शिकत होतो.

ती गेली आणि गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. मी बसने कामाला जाऊ लागलो. बसमध्ये पाइप घेऊन चढलं की लोक कसे बघतात ते मला आता चांगलं माहीत आहे.

त्या दिवशी लेकीला एक कपाट न्यायचं होतं म्हणून ती आली होती. कपाट राहिलं. ती गाडीतून उतरली, भोवती एक फेरी मारली, चाकं दाबून बघितली.

“या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी भंगारवाल्याला बोलावते,” ती म्हणाली.

“अगं, एकदा चालू झाली नाही म्हणून लगेच भंगार? मग मला तर कधीच द्यायला हवं होतं.”

“हसण्यावारी नेऊ नका. चालू झाली तर राहू दे, माझं काही म्हणणं नाही. पण बंद गाडी अंगणात ठेवून तुम्ही तिच्याकडे बघत बसणार असाल तर ते मला नको.”

“मी कशाला बघत बसतोय?”

“वरच्या मजल्यावरच्या काकू सांगत होत्या.”

काकूंनी काय काय सांगितलं ते मी विचारलं नाही. खाई त्याला खवखवे.

बसथांब्यामागे एक गॅरेज आहे. त्याच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणतात. माझ्यापेक्षा लहान, पण पाठीतून वाकलेला, त्यामुळे बरोबरीचा वाटतो. त्याच्या घरचे नळ मी बघतो, आमची गाडी तो बघायचा. त्याची एक रीत आहे. गाडी आली की तो आधी हत्याराला हात लावत नाही. टायरवर टेकतो आणि प्रश्न विचारतो.

तो आला आणि आमच्या पिकअपच्या टायरवर टेकला.

“शेवटची कधी चालू झाली?”

“ही दवाखान्यात होती तेव्हा. लेकच चालवत होती.”

“तेव्हा काही त्रास?”

“गाडीला नाही.”

“बरं. तेव्हापासून काय बदललं?”

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्याही लक्षात आलं. त्याने टायरवरची माती नखाने खरवडली.

“म्हणजे गाडीत म्हणतोय मी, दादा.”

“गाडीत काही नाही.”

“मधे कोणी चावी लावली होती?”

“कोण लावणार? घरात मी एकटा.”

यात खोटं तसं काही नव्हतं. घरात मी एकटाच होतो. चावी लावत होतो तोही मीच.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून कळते, ती म्हणजे गिऱ्हाईक खरं सांगत नाही. “मोरीत काही टाकलं नाही हो आम्ही,” असं म्हणतात, आणि मी तार घालून ओढली की आतून मोजा निघतो, चमचा निघतो, एकदा तर बाहुलीचं मुंडकं निघालं. परत येताना गाडीत मी त्यांच्या नकला करायचो आणि बायको हसायची. अशी नक्कल करण्यासारखा माणूस आता मीच झालो होतो, फक्त हसायला शेजारी कोणी नव्हतं.

काय करत होतो ते सांगतो. सकाळी चहा केला की कप घेऊन मी अंगणात जायचो आणि गाडीत बसायचो. माझ्या सीटवर, म्हणजे शेजारच्या. मग आडवा होऊन हात लांब करायचा आणि चावी दोन खटके फिरवायची. पहिल्या खटक्याला नुसतं स्टिअरिंग सुटतं. दुसऱ्याला दिवे लागतात, पंखा चालतो, इंडिकेटर चालतो. तिसरा खटका इंजिनाचा. तिथवर मी जात नव्हतो, तो माझा प्रांत नव्हे.

तर दुसरा खटका. मग पायाशी गरम हवा सोडणारा पंखा लावायचा. बायकोचे पाय कायम गार असायचे. इंजिन बंद असल्यावर तो पंखा गारच हवा सोडतो, आणि तशीच तो माझ्या पायांवर सोडायचा. त्यात थंडीचे दिवस. मग उजवा इंडिकेटर लावायचा. आमच्या फाटकातून बाहेर पडलं की उजवीकडे वळावं लागतं. बायको इंडिकेटर लावायची आणि वळून झालं की तो तसाच ठेवायची. अर्धं गाव पार होईपर्यंत टिक टिक टिक. मागचे लोक वैतागायचे. मी म्हणायचो, “इंडिकेटर.” ती म्हणायची, “ऐकू येतोय मला.” आणि तरी बंद करायची नाही. या एका गोष्टीवरून आम्ही जेवढं भांडलो तेवढं पैशावरून नाही भांडलो.

तर मी बसायचो, टिक टिक चालू असायची, आणि चहा पिता पिता मधेच म्हणायचो, “इंडिकेटर.” एवढाच कार्यक्रम. यात गाडीला काय अपाय होणार, असं मला खरंच वाटत होतं. मला पाण्याचं कळतं. विजेच्या बाबतीत मी गिऱ्हाईक आहे.

उस्तादने बॅटरीला मीटर लावला आणि म्हणाला, बॅटरी मेली. जुनी होतीच. टर्मिनल घासून साफ केली. इंजिनाला पहिला धक्का देणारा सेल्फ काढून नेला, गॅरेजात टेबलावर फिरवून बघितला, परत आणून बसवला. नवी बॅटरी घातली. चावी फिरवली आणि गाडीने काळा धूर सोडला आणि अशी काही धडधडली की वरच्या काकू गॅलरीत आल्या. मी त्यांना हात केला, जणू सगळं मीच केलं होतं. उस्तादने एक चक्कर मारून गाडी होती तिथे आणून लावली. मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, “छान. महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत चालू राहू दे म्हणजे झालं.”

आठवडाभराने सहज म्हणून उस्तादने गाडी गरम करायला चावी फिरवली. टक्.

“नवी बॅटरी आहे, दादा.”

“तुझ्याकडून घेतलेली आहे,” मी म्हटलं. गिऱ्हाईक वाकडं बोलतं ते कधी, हेही मला माहीत आहे. चूक त्याची असते तेव्हा.

त्याने ती बॅटरी चार्ज करून आणली. मग तिची एक तार सोडवली आणि तार नि बॅटरीच्या मधे एक छोटा बल्ब जोडला. मला म्हणाला, “हे तुमच्या कामासारखंच. सगळे नळ बंद करायचे आणि मीटर फिरतो का बघायचं. बल्ब पेटला तर गाडीत कुठेतरी गळती आहे.”

बल्ब पेटला नाही. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. त्याने हाताने सावली केली. नाहीच.

“गळती नाही,” उस्ताद म्हणाला. “मग वीज जाते कुठे? घरातला चोर नाही हा, दादा. पाहुणा आहे. येतो, खातो, जातो.”

माझे कान गरम झाले. आता मला सगळं कळलं होतं. गळक्या तोटीखाली रात्रभर ठेवलेली बादली सकाळी भरते, हे मी लोकांना आयुष्यभर सांगत आलो. इथे मी तोटी गळत नव्हती ठेवली, सताड उघडी ठेवली होती. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण काय सांगणार? मी रोज सकाळी गारठ्यात बसून रिकाम्या सीटशी भांडतो, म्हणून तुझी बॅटरी उतरते? अशी गोष्ट उद्या बसथांब्यावर पोचली असती आणि परवा माझ्या गिऱ्हाइकांच्या मोऱ्यांपर्यंत.

“चावी मी घेऊन जातो,” उस्ताद म्हणाला. “चावीच नसली तर पाहुणा येईल कुठून? बॅटरी टिकली तर कळेल.”

“चावी कशाला?” मी जरा जास्तच जोरात म्हटलं.

“का? तुम्हाला कुठे जायचंय?”

“नाही, नाही. घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी मी सवयीने चहा घेऊन गाडीत बसलो. पंखा नाही, टिक टिक नाही. काच धुक्याने पांढरी. मी म्हटलं, “इंडिकेटर,” आणि ते इतकं मूर्खपणाचं वाटलं की मी कप तसाच घेऊन घरात आलो. पुढचा दिवस कसाबसा काढला. त्याच्या पुढच्या दिवशी बायकोची पर्स उघडली. तिची चावी त्यात होती. मला ठाऊक होतं की ती तिथे आहे.

मी स्वतःशी करार केला. पंखा लावायचा नाही, फक्त इंडिकेटर. तोही अर्धा कप होईपर्यंत. आमच्या धंद्यात याला थेंब थेंब गळणं म्हणतात आणि त्याच्यासाठी लोक आम्हाला बोलावतात. पण मी करार पाळला. दोन दिवस पाळला. तिसऱ्या दिवशी बसचा हॉर्न ऐकला, कप सीटवर ठेवून पिशवी उचलली आणि धावलो. संध्याकाळी आलो तेव्हा गाडीत चावी तशीच, दुसऱ्या खटक्यावर. इंडिकेटर बंद पडलेला. दिवे मेलेले. चहावर साय.

मी चावी काढली, कप धुतला आणि गप्प बसलो.

शनिवारी दुपारी उस्ताद आला. माझ्यासमोर खिशातून चावी काढली, जणू जादूचा प्रयोग दाखवतोय. फिरवली. काहीच नाही. त्याने बॉनेट उघडून मीटर लावला, आकडा बघितला, मीटर झटकला, परत लावला. मग तो आमच्या पायरीवर येऊन बसला.

“पाणी देता का?”

मी पाणी दिलं.

“चावी माझ्या खिशात,” तो म्हणाला. “गळती नाही. बॅटरी नवी. आणि तरी कोरडी ठाक. एवढ्या गाड्या बघितल्या दादा, असं नाही बघितलं. माझ्याकडून आता होत नाही बहुतेक. डोळे पण गेल्या वर्षापासून नीट नाहीत. मी कालच मुलाला म्हटलं, मला आता धड काही दिसत नाही.”

“अरे, तसं काही नाही.”

“तसंच आहे. सगळं वायरिंग उपटून नवं घालावं लागेल. या गाडीला ते करण्यात अर्थ नाही. ताईला मीच सांगतो, द्या भंगारात. तुम्हाला वाईट वाटेल, पण मला खोटी आशा लावायची नाही.”

लेक त्याच वेळी फाटकातून आत येत होती. भंगारवाल्याशी बोलून उद्याची वेळ ठरवूनच आली होती. उस्ताद उठून उभा राहिला आणि तिला सांगू लागला, माझ्याच्याने झालं नाही, ताई, माझं चुकतंय कुठेतरी. त्याने टोपी काढून हातात धरली होती. मला ते बघवेना. गाडी जाणार ते एक, पण हा माणूस घरी जाऊन हत्यारं गुंडाळून ठेवणार, आणि तेही माझ्या चहापायी.

“दुसरी चावी आहे,” मी म्हटलं.

“कशाची?” लेक म्हणाली.

“गाडीची. पाहुणा मीच आहे.”

मग सांगावं लागलं. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो. सांगून झाल्यावर मला वाटलं, दोघांपैकी कोणीतरी हसेल. हसले असते तर बरं झालं असतं.

उस्तादने टोपी घातली. तो एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागला. त्याने गॅरेजातून आणलेली भरलेली बॅटरी जोडली, मीटर लावला आणि म्हणाला, “दाखवा.”

“काय दाखवू?”

“रोज करता ते. जसंच्या तसं. किती वीज खाता बघू.”

“अरे, सांगितलं ना.”

“सांगितलंत तुम्ही बरंच काही इतके दिवस. आता दाखवा.”

मी माझ्या सीटवर बसलो. आडवा झालो, हात लांब केला. पहिला खटका, दुसरा खटका. पंखा. उजवा इंडिकेटर. टिक टिक टिक.

“चहा लागतो का याच्याबरोबर?” बॉनेटमागून उस्तादने विचारलं.

“असतो.”

“चहा किती वेळ चालतो?” लेकीने विचारलं. ती खिडकीशी येऊन उभी होती.

“संपेपर्यंत.”

“आणि संपतो कधी?”

“गार झाला तरी पितो मी.”

टिक टिक चालूच होती. मग ती म्हणाली, “बंद करा, बाबा. डोकं उठतं. आईला पण मी हेच म्हणायचे.”

“मग, करायची ती बंद?”

“कुठे करायची!”

उस्तादने बॉनेट लावलं. “तासभर असं बसलात तर ही बॅटरी आठवडाभर पुरली हेच नवल,” तो म्हणाला. “ताई, गाडीत काही दोष नाही. ठणठणीत आहे. फक्त भरायला इंजिन फिरायला लागतं. खर्चच चाललाय, भरणा काही नाही. हिला चालवायला पाहिजे. नुसतं अंगणात उभी ठेवून फुरफुर करून नाही चालणार, रस्त्यावर नेली पाहिजे.”

“कोण चालवणार?” मी म्हटलं. “लेक तर तिकडे तिच्या घरी राहते.”

दोघं माझ्याकडे बघत राहिली.

“मला चालवता येत नाही.”

“परवाना आहे तुमच्याकडे,” लेक म्हणाली. “उद्या भंगारवाला येईल तेव्हा एक तर गाडी बाहेर फिरत असेल, नाहीतर मी त्याला देईन. तुम्ही गारठ्यात बसता ते मला आज कळलं. आता मी तुम्हाला तसं बसू देणार नाही. बसायचं तर त्या बाजूला बसा.”

उस्ताद आधीच माझ्या सीटवर चढून बसला होता. तोट्यांची पिशवी त्याने मांडीवर घेतली, कारण ठेवायला दुसरीकडे जागा नव्हती. मी फेरी मारून पलीकडच्या दाराशी गेलो आणि दार उघडलं.

बायको ठेंगणी होती. सीट पार पुढे ओढलेली; लेकीने की उस्तादने, कोणीच ती हलवली नव्हती. मी आत शिरलो म्हणजे दुमडलो. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले, पोट मधे अडकलं, हॉर्न आपोआप वाजला. काकू गॅलरीत आल्या. क्लच दाबायचा तर गुडघा आधी बाहेर काढावा लागे, मग पाय खाली. उस्तादने माझ्या पायाशी बघितलं, सीटखालच्या दांडीकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मी तिसरा खटका फिरवला. धडधडली. फाटकापर्यंत दोनदा बंद पडली. लेक फाटक धरून उभी होती, मी जवळ आलो तशी ती फाटकामागे गेली. रस्त्यावर वळलो आणि मागे एका टेम्पोवाल्याने मला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याचं बरोबर होतं. पहिल्या गियरमध्ये आम्ही डिझेल पंपापर्यंत गेलो. पायी गेलो असतो तर लवकर पोचलो असतो.

पंपावरच्या पोऱ्याने झाकण उघडलं आणि खिडकीतून आत डोकावला. माझे गुडघे त्याच्या तोंडासमोरच होते.

“काका, ही सीट मागे जाते. खाली दांडी आहे, ओढा.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

त्याने उस्तादकडे बघितलं.

“तू डिझेल भर,” उस्ताद म्हणाला.

त्याने भरलं. मी गुडघा बाहेर काढला, क्लच दाबला, चावी फिरवली. पहिल्या फटक्यात चालू झाली. पंपातून बाहेर पडलो, वळलो, सरळ रस्त्याला लागलो. उस्तादने पिशवी दोन्ही हातांनी धरली होती.

“दुसरा गियर टाका, दादा,” शेवटी तो म्हणाला. “ओरडतेय ती.”

मी दुसरा टाकला.